पेटीतलं कार्ड : मिलिटरी कँटीनची गोष्ट



गेल्या उन्हाळ्यात अहमदपूर तालुक्यातल्या एका गटाची बैठक होती. बचत जमा झाली, कर्जाचे हप्ते लिहून झाले, सह्या-अंगठे झाले. मी दप्तर आवरत होते, तेवढ्यात एक मावशी म्हणाल्या, "ताई, उलसंक थांबता का? एक कागद बघायचा व्हता." त्यांनी पदराखालून प्लास्टिकची पिशवी काढली. पिशवीत मालकांचं डिस्चार्ज बुक, पेन्शनचे कागद, मेडलची विटलेली रिबीन आणि मिलिटरी कँटीनचं कार्ड. मालक फौजेतून नाईक म्हणून निवृत्त झालेले. ते वारले त्याला सहा वर्षं झाली होती.

"त्यांच्यासंगं कार्ड बी मेलं म्हणून पेटीत ठिवून दिलं," मावशी म्हणाल्या. "भंगारात टाकू का ऱ्हाऊ देऊ?"

मालकांच्या नावाचं कार्ड आता चालणार नव्हतं, हे खरं. पण माजी सैनिकाच्या विधवेला स्वतःच्या नावाचं कार्ड मिळतं. सहा वर्षं मावशींनी साबणापासून चहापत्तीपर्यंत सगळं गावच्या दुकानातून पूर्ण भावानं घेतलं, आणि हक्काचा कागद पेटीत पडून राहिला. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही पक्कं ठाऊक नव्हतं. घरी येऊन शोधाशोध केली, जाणत्या माजी सैनिकांना विचारलं, आणि बी.ए.ला शिकलेला थोडा इतिहासही कामाला आला. ते सगळं आज तुम्हाला सांगते. सैनिकाला सवलतीचा माल का देतात हे कळलं, की तो मागताना मान खाली घालावी लागत नाही.

फौज पोटावर चालते हे आपल्या मुलखाला नवं नाही. आपल्याच उदगीरजवळ 1760 सालच्या सुरुवातीला सदाशिवरावभाऊंनी निजामाच्या फौजेला हरवलं. तीच मराठ्यांची फौज पुढे उत्तरेला गेली आणि 1761 च्या जानेवारीत पानिपतावर लढली. लढाईच्या आधी कित्येक दिवस रसद तुटली होती. माणसं उपाशी, जनावरं उपाशी, आणि सोबत हजारो बिनलढाऊ लोक, त्यांत बायकाही होत्या. या लोकांना 'बाजारबुणगे' म्हणायची रीत पडली. शब्द हिणवणारा आहे, मला तो आवडत नाही. पण त्यातला 'बाजार' बघा. फौजेबरोबर बाजार चालत असे. वाणी, तेली, मोची, भटियारे, सगळे मागोमाग. सैनिक आपल्या पगारातून तिथंच पीठमीठ घ्यायचा. बाजार हटला की फौज हटली.

या बाजाराला धान्य कोण पुरवायचं? आपल्या किनवट, मुखेड, अहमदपूरकडच्या तांड्यांचे पूर्वज. लमाण-बंजारा लोक बैलांच्या पाठीवर गोण्या लादून मुलूखभर फिरायचे, आणि मोगल, मराठे, निजाम, इंग्रज सगळ्यांच्या फौजांना धान्य पुरवायचे. 1803 साली इंग्रजांचा सेनापती वेलस्ली असईला लढला, तोसुद्धा याच बैलांवर अवलंबून होता. गटातल्या तांड्यावरच्या बहिणींना हे आवर्जून सांगते. तुमच्या पणजीच्या पणजीनं फौजा जगवल्या आहेत.

पुढे निजामाच्या राज्यात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची एक फौज उभी राहिली. तिला हैदराबाद कंटिंजंट म्हणत. पगार निजामाचा, हुकूम इंग्रजांचा. या फौजेच्या छावण्या आपल्या अगदी उशाशी होत्या. नांदेडकरांना जवळची हिंगोलीची, लातूरकरांना जवळची अंबाजोगाईची. अंबाजोगाईला तेव्हा मोमिनाबाद म्हणायचे. 1903 मध्ये ही फौज वेगळी राहिली नाही, ती हिंदुस्थानच्या मुख्य सैन्यात मिळवली, आणि या छावण्यांचं ते दिवस संपले.

त्या काळी हिंदी शिपायाला शांततेच्या दिवसांत फुकट शिधा नव्हता. धान्य, डाळ, तेल पगारातूनच विकत घ्यायचं. व्यापारी मनाला येईल तो भाव लावायला लागले तर शिपाई काय खाणार आणि घरी काय पाठवणार? म्हणून छावणीच्या बाजारात मालाचा निरख, म्हणजे ठरलेला दर, लावून दिलेला असे. धान्य फारच महागलं तर शिपायाला महागाईची भरपाई मिळे. म्हणजे स्वस्त माल हा पगाराचाच भाग धरलेला होता. पगार कमी, तर बाजार सांभाळून द्यायचा. आजच्या कँटीनचं मूळ मला इथं दिसतं.

कँटीन हा शब्द मात्र गोऱ्या सोल्जरांबरोबर आला. त्यांच्या पलटणीत ठेकेदार दुकान चालवायचे, आणि ठेकेदार तो ठेकेदारच! पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडात फौजेसाठी 'नाफी' नावाची सरकारी मंडळी दुकानं चालवू लागली. त्याच धर्तीवर इथं 1922 च्या सुमारास आर्मी कँटीन बोर्ड काढलं. ते काही टिकलं नाही, पाच-सहा वर्षांत गुंडाळलं आणि कारभार पुन्हा ठेकेदारांच्या संघाकडे गेला. दुसऱ्या महायुद्धात फौज एवढी वाढली की ठेकेदारांना ते पेलेना. मग 1942 साली सरकारनंच 'कँटीन सर्व्हिसेस' सुरू केली. स्वातंत्र्यानंतर तिची फाळणी झाली, आणि 1 जानेवारी 1948 पासून आपलं कँटीन स्टोअर्स डिपार्टमेंट, म्हणजे सीएसडी, उभं राहिलं. त्याचं मुख्यालय आपल्या मुंबईतच आहे, महर्षी कर्वे रोडवर. महर्षींचं नाव त्या रस्त्याला असावं आणि विधवेचं कार्ड त्या रस्त्यावरच्या खात्याचं असावं, हा योगायोग मला भावतो.

1 जानेवारी 1948 ही तारीख मराठवाड्याच्या बाईनं जरा थांबून ऐकावी. त्या दिवशी आपण स्वतंत्र भारतात नव्हतोच. आपल्याकडे निजाम होता, रझाकार होते. 17 सप्टेंबर 1948 ला निजामानं शरणागती पत्करली, तेव्हा कुठे आपल्या गावच्या पोरांना भारताच्या फौजेची वाट सरळ मोकळी झाली. सातारा-कोल्हापूरकडे घराघरांत पिढ्यान्‌पिढ्यांचे फौजी असतात. आपल्याकडे ती परंपरा मागाहून आली, म्हणून कागदांची जाणही मागाहून आली, असं माझं मत आहे. तिकडच्या आजीला पीपीओ म्हणजे काय ते पाठ असतं. आपल्याकडे तो कागद गोधडीखाली सापडतो.

फौजेत कोणाला घ्यायचं हाही एक इतिहासच. इंग्रजांच्या फौजेत महार शिपायांनी पिढ्या घातल्या होत्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ फौजेत सुभेदार होते. पण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा पलटण उभी केली, गरज सरल्यावर मोडली. अखेर 1941 साली बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली, त्यामागे बाबासाहेबांचा आग्रह होता. भरती बंद म्हणजे पगार बंद, पेन्शन बंद, पोरांचं शिक्षण बंद.

आता आजच्या कँटीनकडे वळू. तिथं माल स्वस्त कसा मिळतो? आपल्या गटासारखंच गणित आहे. आपण दहाजणी मिळून पोतंभर डाळ घेतली तर दुकानदार भाव कमी करतो. सीएसडी देशभरच्या फौजेसाठी एकदम माल घेतं, म्हणून कंपन्या भाव उतरवतात. मधले घाऊक व्यापारी नाहीत, नफा थोडका. शिवाय सीएसडीनं खरेदीवर भरलेल्या जीएसटीतला निम्मा सरकार परत करतं. सप्टेंबर 2025 मध्ये साबण, टूथपेस्ट, केसांचं तेल यांचा जीएसटी सगळ्यांसाठीच 18 वरून 5 टक्क्यांवर आला, त्यामुळे अशा वस्तूंत कँटीन आणि गावचं दुकान यांतलं अंतर करापुरतं कमी झालंय. मोठ्या वस्तूंत, म्हणजे फ्रिज, मोटारसायकल अशांत, अजून फरक जाणवतो. आपल्यासमोरचं दुकान सीएसडीचं नसतं, ते एखादं युनिट चालवतं, आणि त्याचा नफा जवानांच्या कल्याणालाच जातो.

अमेरिकेत 11 नोव्हेंबरला माजी सैनिकांचा दिवस असतो, तेव्हा मोठमोठी खासगी दुकानं त्यांना सूट देतात. ती दुकानदाराची मर्जी. आपल्याकडचं कँटीन नियमानं चालतं, कुणाच्या मर्जीवर नाही. मर्जीच्या सूटीसाठी 'थँक्यू' म्हणावं लागतं. नियमाच्या सवलतीसाठी कागद लागतात.

एक घोटाळा मात्र करू नका. लातूरला सीआरपीएफचं प्रशिक्षण केंद्र आहे, चाकूरला बीएसएफचं, नांदेड जिल्ह्यात मुदखेडला पुन्हा सीआरपीएफचं. ही गृह खात्याची दलं. त्यांची कँटीन वेगळी, 2006 साली सुरू झालेली, कार्डही वेगळं. (आमच्या उमेदच्या सीआरपी ताईंना गावात सीआरपीएफवाल्या समजून एकदा सलाम ठोकला होता, तो भाग निराळा.) तुमच्या घरचे आर्मी, नेव्ही की एअर फोर्समध्ये होते, की या दलांत, ते आधी बघा.

आता जरा कडू बोलते. कँटीन म्हटलं की गावात बाप्यांच्या तोंडी एकच शब्द येतो, बाटली. किराण्याचा कोटा वेगळा आणि दारूचा वेगळा. मी अशी घरं पाहिलीत जिथं दारूचा कोटा एक महिना चुकत नाही, आणि किराण्याच्या कोट्यातून वर्षभरात एक तेलाची पिशवी घरात येत नाही. वर ती बाटली चार पैसे चढवून गावातच विकतात. कँटीनचा माल बाहेर विकायला मनाई आहे, पकडलं तर कार्ड जातं. बाई विचारत नाही, कारण कार्ड मालकाच्या खिशात असतं. मैत्रिणींनो, ही सवलत कुटुंबासाठी आहे. यादी तुम्ही करा. डाळीच्या डब्यात काय कमी आहे ते तुम्हाला ठाऊक, खिशाला नाही.

आणि ज्यांचे मालक हयात आहेत त्यांनी आजच एक बघा. सर्व्हिस रेकॉर्डमध्ये आणि पेन्शनच्या कागदावर तुमचं नाव आहे का, आणि आधारवर आहे तसंच आहे का? 'सुमनबाई' एकीकडे आणि 'सुमन' दुसरीकडे, एवढ्यावर महिने जातात. लग्नाआधीचं नाव, लग्नानंतरचं नाव, त्यात जन्मतारीख अंदाजे लावलेली. दुरुस्ती माणूस जिवंत असताना सोपी असते. नंतर प्रतिज्ञापत्रं, साक्षीदार आणि एसटीचं भाडं.

आमच्या मावशींचं हेच झालं. कुटुंब निवृत्तिवेतन चालू होतं, म्हणून निम्मं काम झालेलं. पण एका कागदावर नावात एक अक्षर इकडचं तिकडे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून विधवेचं ओळखपत्र काढायचं, मग कँटीनच्या कार्डाचा अर्ज. अशी कार्यालयं लातूर आणि नांदेड दोन्हीकडे आहेत. तिथं नाव नोंदलेलं असलं की मुलांची शिष्यवृत्ती आणि बाकीच्या योजनाही कळतात. घरपट्टीचं घ्या. महाराष्ट्रात 2020 पासून माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना एका राहत्या घराची घरपट्टी माफ आहे. मावशी ती दरवर्षी भरत होत्या. ग्रामपंचायतीत विचारलं तर आधी 'बघू' आलं, मग कागद दाखवल्यावर 'अर्ज द्या' आलं.

पाच महिने आणि सात हेलपाटे झाले. कार्ड आलं त्या दिवशी मी मावशींबरोबर कँटीनला गेले. रांगेत बहुतेक पुरुष. मावशींनी कार्ड दोन्ही हातांत धरलं होतं, देवळात नारळ धरतात तसं. काउंटरवरच्या माणसानं विचारलं, "साहेब नाही आले?" मावशी म्हणाल्या, "साहेब न्हाईत. मीच हाय." चहापत्ती घेतली, साबण घेतले, आणि कितीतरी वर्षं मनात असलेला प्रेशर कुकर घेतला.

परत येताना एसटीत त्यांनी नातवाचं काढलं. नातू 2023 मध्ये अग्निवीर म्हणून लागलाय. "मंग त्याला बी आसंल की असंच कार्ड?"

नोकरीत आहे तोवर त्याला कँटीन आहे, मी सांगितलं. पण अग्निपथ योजनेत चार वर्षं झाली की जास्तीत जास्त चौघांतल्या एकालाच पुढे ठेवतात. बाकीच्या तिघांना सेवा निधीची एकरकमी रक्कम मिळते, पण पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, आणि कँटीनही नाही. पगारात बाजार धरायचा, ही छावणीच्या काळापासूनची रीत त्यांच्यासाठी चार वर्षांतच थांबते. 2022 च्या अखेरीस आणि 2023 च्या सुरुवातीला लागलेल्या पोरांची चार वर्षं आता भरत आली आहेत. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत गावोगावची पोरं सकाळी रस्त्यानं पळत भरतीची तयारी करतात, त्यांच्या आयांना हे ठाऊक असावं म्हणून सांगते.

मावशी थोडा वेळ खिडकीबाहेर बघत बसल्या. कुकरचं खोकं मांडीवरच होतं.

"फोन लावून द्या बरं त्याला," त्या म्हणाल्या. "म्हणावं, रजेवर येताना आईला मिक्सर घिऊन ये. हाय तवर घे."