वसतिगृहांचा इतिहास आणि आपले कर्तव्य



यंदाच्या स्मरणिकेसाठी काही ऐतिहासिक लेखन करावे, अशी सूचना मंडळाच्या चिटणिसांनी आम्हांस केली. आम्ही इतिहाससंशोधक नव्हे. आमचे शिक्षण जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपर्यंतचे. पुढे अध्यापनाची पदविका घेऊन छत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत खडू हाती धरला, एवढीच आमची पुंजी. तथापि आपल्या वसतिगृहाचे पुढे काय करावयाचे, हा प्रश्न येत्या सर्वसाधारण सभेपुढे आहे. त्यावर मत देण्यापूर्वी वसतिगृह ही संस्था आपल्या मुलखात का व कशी वाढीस लागली हे प्रत्येक सभासदाने जाणून घ्यावे, असे वाटल्यावरून हा अल्प प्रयत्न केला आहे.

राजर्षी शाहू छत्रपतींनी २ एप्रिल १८९४ रोजी करवीर संस्थानचा कारभार हाती घेतला. त्या वेळी संस्थानच्या सामान्य कारभारातील ७१ अधिकारपदांपैकी ६० पदे एकाच जातीकडे होती. ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या अक्षर नांदत होते त्यांच्या हाती दप्तर गेले. ज्यांच्या घरी नांगर, माग, सुई किंवा ऐरण होती त्यांची मुले शाळेच्या उंबऱ्याबाहेरच राहिली. ही विषमता नुसत्या उपदेशाने हटणारी नव्हती. म्हणून २६ जुलै १९०२ रोजी महाराजांनी आज्ञापत्र काढून संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी शेकडा ५० जागा राखून ठेवल्या. हा हुकूम सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु त्याच्या जोडीने चाललेल्या दुसऱ्या कार्याकडे आपले लक्ष तितकेसे जात नाही.

जागा राखून ठेवली तरी त्या जागेवर बसण्यास शिकलेला मनुष्य हवा. तो तयार व्हावयाचा तर खेड्यातील मुलाने शहरी शाळेत आले पाहिजे. आता तो आलाच, तर रात्री निजणार कोठे आणि जेवणार काय? फी माफ झाली तरी भाकरी माफ होत नाही. शिवाय जातीचे नाव विचारल्यावाचून शहरात खोली मिळणे त्या काळी दुरापास्त होते. गरिबाच्या शिक्षणाचे घोडे अडत होते ते येथे, आणि महाराजांनी नेमके हेच जाणले.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. महाराजांनी आरंभ जातवार वसतिगृहांनी केला नाही. सन १८९६ मध्ये त्यांनी सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एकच वसतिगृह काढले होते. परंतु दार सर्वांस उघडे असूनही प्रत्यक्षात लाभ मिळाला तो पुढारलेल्या वर्गाच्या मुलांनाच. इतरांस तेथे थारा मिळेना. म्हणून ज्या त्या समाजाने आपल्या मुलांची जबाबदारी आपल्या शिरावर घ्यावी आणि दरबारने त्यास हात द्यावा, असा मार्ग महाराजांनी पत्करला. सन १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग व जैन वसतिगृह निघाले, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०७ मध्ये लिंगायत समाजाचे, आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. पुढे दैवज्ञ, नामदेव शिंपी, सारस्वत, देवांग अशा अनेक समाजांची भर पडली. कोल्हापुरास विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळेच.

दरबारने जागा द्यावी, अनुदान द्यावे. समाजातील चार जाणत्यांनी वर्गणी जमवावी, हिशेब ठेवावा आणि मुलांवर नजर ठेवावी, अशी ही रीत होती. तिच्यामुळे मुलांस छप्पर मिळाले. आणि तितकेच महत्त्वाचे म्हणजे, ज्यांनी कधी संस्था चालविली नव्हती त्या समाजांस संस्था चालविण्याचे शिक्षण मिळाले. आपल्या मंडळासारखी अनेक मंडळे याच वळणावर उभी राहिली आहेत.

सन १९१७ मध्ये महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले आणि मुलास शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांस सर्वांच्या शाळेत बसविले. यावरून महाराजांचा रोख स्पष्ट होतो. जातवार संस्था ही त्यांच्या लेखी पायरी होती, मुक्काम नव्हे. जातवार परिषदांमुळे जातिबंधने अधिक घट्ट होऊ नयेत, असा इशारा त्यांनी जाहीर भाषणांतून दिला होता.

या पायरीवरून पुढे पाऊल टाकले ते कर्मवीर भाऊराव पाटलांनी. ते कोल्हापुरास विद्यार्थी असताना मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभास गेले. परतल्यावर, स्नान करून मगच आत यावे, असा आग्रह त्यांच्या वसतिगृहाच्या चालकांनी धरला. भाऊरावांनी तो मानला नाही आणि ते वसतिगृह सोडले. या भाऊरावांनीच १९१९ मध्ये कऱ्हाडजवळील काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ मध्ये साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह काढले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्यास शाहू छत्रपतींचे नाव मिळाले. तेथे सर्व मुले एकाच पंक्तीस जेवत आणि आपली कामे आपण करीत. त्यांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी, म्हणजे भाऊरावांच्या पत्नीने, अंगावरचे दागिने दिले. अखेर मंगळसूत्रही दिले. १८९६ साली जे कोल्हापुरात साधले नव्हते ते साताऱ्यास साधले, कारण येथे केवळ दार उघडे ठेवले नव्हते. सर्वांत दुबळ्या मुलाचे ताट आधी मांडले जाईल याची दक्षता चालक स्वतः घेत होते.

असो. आता थोडे स्वतःविषयी लिहितो. वाचकांनी क्षमा करावी. सन १९७२ च्या दुष्काळात आम्ही तालुक्याच्या गावी शिकत होतो. ई.बी.सी.ची सवलत असल्याने फी नव्हती. पण घरी दाणा नव्हता, आणि आपल्या समाजाचे वसतिगृह तेव्हा निघाले नव्हते. अन्य एका समाजाच्या वसतिगृहाच्या अण्णांनी आम्हांस ठेवून घेतले. मिलो ज्वारीची तांबडी भाकरी आणि पातळ आमटी यांवर आमची मॅट्रिकपर्यंतची वर्षे निघाली. त्या पंक्तीत आम्हांस कोणी परके म्हटले नाही.

पुढे आपले वसतिगृह झाले आणि काही वर्षे त्याची व्यवस्था आमच्याकडे आली. सन १९९६ च्या जून महिन्यात एक ऊसतोड मजूर आपल्या मुलाला घेऊन आला. तो आपल्या ज्ञातीचा नव्हता. दोन खाटा रिकाम्या होत्या. आम्ही नियमावली पुढे केली. तो म्हणाला, “नियम असंल तर ऱ्हाऊ द्या, गुरुजी. पोरगं कोयता धराया ल्हान हाय, म्हून आलो हुतो.” हंगाम सुरू झाल्यावर उसाने भरलेली बैलगाडी कारखान्याच्या वाटेने जाताना आम्ही पाहिली. मोळ्यांवर तो मुलगा बसला होता. दिवस शाळेचा होता. नियम आम्ही पाळला, पण अण्णांचे ऋण मात्र बुडविले.

आज आपल्या वसतिगृहाच्या ४० खाटांपैकी निम्म्या रिकाम्या असतात. आपली पुष्कळ कुटुंबे सुस्थितीत आली, ही आनंदाची गोष्ट होय. इमारत मंगल कार्यालयास भाड्याने द्यावी, असे काही बंधूंचे मत आहे. त्यांचा हेतू शुद्ध आहे, याविषयी आम्हांस शंका नाही. परंतु वडीलधाऱ्यांनी मूठ-मूठ धान्य व रुपया-रुपया गोळा केला तो मुलांच्या भाकरीसाठी, अक्षतांसाठी नव्हे.

आमची नम्र सूचना अशी. प्रथम आपल्या ज्ञातीतील गरीब मुलांस जागा द्यावी. विधवा भगिनींची, भूमिहीनांची व मजुरांची मुले त्यांत आधी घ्यावीत. वरचा मजला मुलींसाठी राखावा. उरलेल्या खाटा कोणत्याही जातीच्या गरजू मुलास द्याव्यात, आणि पंगत एकच असावी. देणगी ज्ञातीसाठी दिली होती, असा आक्षेप येईल. त्यासाठी घटनेत रीतसर दुरुस्ती करावी व धर्मादाय आयुक्तांची मंजुरी घ्यावी. परक्यांची गर्दी होऊन आपलीच मुले बाहेर राहतील, ही भीतीही अनाठायी नाही. १८९६ चा अनुभव तोच सांगतो. म्हणूनच प्रवेशाची यादी दरवर्षी सभेपुढे ठेवावी.

इतिहास वाचावयाचा तो पूर्वजांच्या जयजयकारासाठी नव्हे. आपण कोणाच्या भाकरीवर वाढलो हे विसरू नये म्हणून. येत्या सभेस प्रत्येक कुटुंबातून निदान एकाने, आणि शक्य तर भगिनींनी अगत्याने, उपस्थित राहावे अशी विनंती करून आम्ही लेखणी आवरती घेतो.