होरायझन वाकडा आहे

मोताळ्यात आम्ही हौशी फोटोग्राफर साठ-सत्तर तरी असू. हौशी म्हणजे ज्यांना फोटोचे पैसे कोणी देत नाही आणि ज्यांच्या घरी लेन्सची खरी किंमत कोणाला सांगितलेली नसते. दोन-तीन मास्तर, एक बँकेतला, मेडिकल दुकानवाला, लग्नाच्या ऑर्डरी करणारे काही जण आणि बाकी सगळी कॉलेजची पोरं. थंडीत नळगंगेच्या धरणावर बदकं, पावसाळ्यात राजूर घाट, हे आमचे ठरलेले विषय. यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे आणि मी त्याचा अ‍ॅडमिन.

ग्रुपवर चालतं काय? "भाऊ, जुनी ५५-२५० मिळून राहिली, घेऊ का?" "लेन्सले बुरशी लागली, आता काय करू?" मग कोणीतरी सांगतं, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेव. कपाशीच्या दिवसांत शेतात लेन्स बदलू नको, सेन्सरवर धूळ बसते. हे ज्ञान कुठल्या कंपनीच्या पुस्तकात नाही. ते आमच्या उन्हातून आणि आमच्या धुळीतून आलेलं आहे. फोटो टाकला की त्यावर मत येतं, बहुतेक वेळा अंगठा. मी मात्र सविस्तर लिहितो. तशी माझी ख्याती आहे.

ग्रुपचा नियम एकच: फक्त फोटोग्राफी, राजकारण नको.

एका ऑक्टोबरात परतीच्या पावसानंतर एका पोराने मोबाइलवर काढलेला फोटो टाकला. सोंगून ठेवलेल्या सोयाबीनची काळी पडलेली सुडी, शेंगांतून फुटलेले कोंब, बाजूला त्याचे वडील पाठमोरे उभे. खाली एक ओळ: पंचनाम्याले कोणी आलं नाही. मी माझ्या सवयीने लिहिलं, "विषय चांगला आहे, पण आकाश उडालंय. आणि होरायझन वाकडा आहे." पोराने उलट विचारलं, "सर, तुम्हाले यात होरायझन दिसला?" मग दोघं-तिघं भांडायला उतरले. कोणी सरकारच्या बाजूने, कोणी विरोधात. कोणीतरी लिहिलं, अ‍ॅडमिन झोपला का? मी त्या पोराला काढून टाकलं. एकट्याला. भांडणारे आजही ग्रुपवर आहेत.

पुढे काही महिन्यांनी मी फोटोग्राफीचा इतिहास वाचायला घेतला. पश्चात्ताप वगैरे काही नव्हता, जुन्या कॅमेऱ्यांचा नाद होता, एवढंच. वाचता वाचता कळलं, की आमचा ग्रुप काही नवा नाही. ऑक्टोबर १८५४ मध्ये मुंबईत 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे' निघाली, देशातली या प्रकारची पहिली संस्था. बहुतेक सभासद गोरे साहेब, लष्करातले आणि कंपनीच्या नोकरीतले. पण त्यांच्यात डॉ. भाऊ दाजी लाड होते आणि त्यांचे धाकटे भाऊ डॉ. नारायण दाजीही. दोघंही ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले. नारायण दाजी तर चांगले फोटोग्राफर म्हणून नाव कमावलेले. पुढच्याच वर्षी सोसायटीने स्वतःचं नियतकालिक काढलं आणि एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्गही सुरू झाला. त्या वर्गात शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी नंतर मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला.

ही मंडळी बैठकीत जमायची, आपापले फोटो मांडायची आणि कोणाचं काय बिघडलं यावर बोलायची. बिघडायला कारणंही भरपूर. १८५१ मध्ये इंग्लंडात फ्रेडरिक स्कॉट आर्चरने ओल्या काचेची पद्धत जाहीर केली होती. काचेवर कलोडियन ओतायचं, ती चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि ओली असतानाच अंधारात धुवायची. कलोडियन असतं ईथरमध्ये विरघळवलेलं. ईथर ३५ अंशांच्या आसपास उकळतं. आता आमच्याकडचा एप्रिल आठवा. झाकण उघडलं की निम्मा माल हवेत! इंग्लंडच्या हवेसाठी लिहिलेली कृती इथे जशीच्या तशी चालणं शक्यच नव्हतं. म्हणून इथले बरेच जण मेण लावलेल्या कागदाच्या निगेटिव्हवर टिकून राहिले. तो कागद आधी तयार करून काही दिवस ठेवता यायचा. बारकावे कमी यायचे आणि उजेड मिनिटंच्या मिनिटं द्यावा लागायचा, पण उन्हात चालायचा. आमच्या सिलिका जेलच्या पुडीचे हे पणजोबा.

सोसायटीच्या आश्रयाने विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी १८५६ ते १८५८ या काळात 'द इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम' काढला. दर महिन्याला अंक, अंकात खरेखुरे छापलेले फोटो चिकटवलेले. याच जॉन्सनने नंतर मुंबईतल्या जातीजमातींवर दोन खंडांचं पुस्तक केलं, १८६३ आणि १८६६ मध्ये. त्यात माणसांचे फोटो वेगळे घेऊन, कापून, दुसऱ्याच देखाव्यांवर चिकटवले आहेत. बॅकग्राउंड बदलणारं अ‍ॅप वापरणाऱ्यांना जे लोक नावं ठेवतात, त्यांना मी हे पुस्तक दाखवतो.

या सगळ्यांत आमच्या जवळचा माणूस म्हणजे मेजर रॉबर्ट गिल. मोताळ्याहून बुलढाणामार्गे अजिंठा दोनेक तासांवर. १८४४ मध्ये कंपनीने गिलला लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायला तिथे पाठवलं आणि तो जवळजवळ जन्मभर तिथेच राहिला. पारो आणि गिलची गोष्ट सिनेमामुळे सगळ्यांना माहीत आहे, ती इथे सांगत नाही. मला त्याचा कॅमेरा जास्त जवळचा. नकला करता करता त्याने तो हातात घेतला. अजिंठ्याचे, शिकारीचे आणि आपल्या लोणारच्या देवळांचेही फोटो काढले. १८६४ मध्ये त्याच्या फोटोंची पुस्तकं लंडनला निघाली, मजकूर जेम्स फर्ग्युसनचा. मुंबईतल्यांना दर बैठकीला शेजारी विचारायला कोणी तरी होतं. गिलला "हे बघ, कसं वाटतं?" म्हणून लेण्यात कोणाला दाखवता आलं असेल? १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि तिथे मांडलेली त्याची चित्रं जळाली. वर्षानुवर्षांचं काम. १८७९ मध्ये तो वारला. त्याची कबर भुसावळला आहे. मलकापूरहून गाडी धरली की तासाभरात भुसावळ. मी किती वेळा तिथे उतरलो असेन, कबर बघायला एकदाही गेलो नाही.

आणि मग कलकत्त्याचं प्रकरण वाचनात आलं. तिथली फोटोग्राफिक सोसायटी १८५६ ची. खजिनदार होते राजेंद्रलाल मित्र, संस्कृतचे पंडित आणि जुन्या वास्तूंचे अभ्यासक. तेव्हा इथल्या गोऱ्यांवर गावाकडच्या फौजदारी कोर्टात खटला चालू शकत नसे. तो चालावा की नाही यावर मोठा वाद पेटला होता. १८५७ मध्ये, मेरठच्या उठावाच्या थोडंच आधी, टाउन हॉलमधल्या सभेत मित्र बोलले आणि निळीच्या मळेवाल्यांवर त्यांनी टीका केली. भाषण सोसायटीत नव्हतं. विषय फोटोचा नव्हता. तरी सोसायटीतले गोरे सभासद चिडले आणि त्यांनी मित्रांना काढून टाकलं.

हे वाचलं तेव्हा मोबाइल हातातच होता. माझ्या ग्रुपवर वर जात जात त्या ऑक्टोबरपर्यंत गेलो. "तुम्ही काढून टाकले" ही ओळ तिथे अजून आहे, राखाडी रंगात. मित्र पुढे १८८५ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीचे पहिले भारतीय अध्यक्ष झाले, त्यांचं काही अडलं नाही. पण माझं डोकं दुसरीकडेच अडलं होतं. कलकत्त्याच्या साहेबांनी निदान सभेबाहेरच्या भाषणावरून माणूस काढला. मी फोटोवरून काढला, फोटोच्या ग्रुपमधून. आणि त्या मळेवाल्यांचे तरी त्यात हितसंबंध होते. माझं काय होतं? रात्री साडेनऊला मला भांडण नको होतं, एवढंच.

पोराला मेसेज केला. "चुकलं माझं. परत ये." लिंकही पाठवली. निळ्या खुणा झाल्या. दोन दिवसांनी उत्तर आलं, "बरं सर." आला मात्र नाही.

परवा धामणगाव बढेकडून येताना वाटेत तो भेटला. शेत रस्त्याला लागूनच होतं. आता त्यात हरभरा होता. त्याने सुडी कुठे होती ते दाखवलं, मी त्याच जागी उभा राहिलो आणि कॅमेरा डोळ्याला लावला. व्ह्यूफाइंडरमधली लेव्हलची रेघ सरळ होती. बांध मात्र डावीकडून उजवीकडे उतरत गेलेला. ती जमीनच तिरपी आहे.