सार्वजनिक कर्जाचे वार्तांकन : पत्रकार-प्रशिक्षण

विकसनशील देशांची सरकारे आणि सरकारी मालकीच्या कंपन्या जी कर्जे उचलतात, त्यांच्या अटी, विनियोग, परतफेड आणि लोकजीवनावरील परिणाम यांची अचूक बातमीदारी करता यावी म्हणून पत्रकारांना दिले जाणारे व्यावसायिक शिक्षण. अर्थशास्त्र, लेखापरीक्षण, कायदा आणि शोधपत्रकारिता ही त्याची चार अंगे होत. कर्ज सरकार घेते, पण फेडतो करदाता. म्हणून करारावर सही होण्यापूर्वीच त्याची माहिती करदात्यापर्यंत पोहोचली पाहिजे, हे या शिक्षणाचे मूळ सूत्र आहे.

गरज. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास परिषदेच्या (अंक्टाड) २०२५च्या अहवालानुसार २०२४मध्ये जगातील एकूण सार्वजनिक कर्ज १०२ लाख कोटी डॉलरवर गेले. त्यातील सुमारे ३१ लाख कोटी डॉलर विकसनशील देशांच्या नावावर आहेत. आरोग्य किंवा शिक्षण यांपेक्षा व्याजावर अधिक खर्च करणाऱ्या देशांत ३४० कोटी लोक राहतात. रुग्णालयातला औषधांचा तुटवडा, शिक्षकांचे रखडलेले पगार, इंधनाची दरवाढ या बातम्या रोज छापल्या जातात. त्यांच्यामागे कर्जफेडीचा हप्ता असू शकतो, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. हा दुवा जोडून दाखवणे हे प्रशिक्षित वार्ताहराचे काम आहे.

विकास. ऑगस्ट १९८२मध्ये मेक्सिकोने हप्ते भरण्यास असमर्थता कळवली आणि लॅटिन अमेरिकेतील कर्जसंकटाला तोंड फुटले. तेव्हा या बातम्या मुख्यतः न्यूयॉर्क, लंडन व वॉशिंग्टन येथून लिहिल्या जात. १९९६मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधी व जागतिक बँक यांनी अतिकर्जबाजारी गरीब देशांसाठी सवलत-योजना सुरू केली. त्याच वर्षी हरारे येथे आफ्रोडॅड ही कर्जप्रश्नावर काम करणारी आफ्रिकी संस्था स्थापन झाली. ‘ज्युबिली २०००’ या चळवळीने मे १९९८मध्ये बर्मिंगहॅम येथील जी-८ परिषदेभोवती हजारो लोकांची मानवी साखळी उभी केली आणि कर्जमाफीचा प्रश्न पहिल्या पानावर आला.

२०००मध्ये अर्थतज्ज्ञ जोसेफ स्टिग्लिट्झ यांनी धोरण-संवादाचा जो उपक्रम सुरू केला, त्यात विकसनशील देशांतील पत्रकारांसाठी स्वतंत्र विभाग होता. या कामातून अन्या शिफ्रिन व आमेर बिसात यांनी संपादित केलेली, जागतिकीकरणाच्या वार्तांकनावरील हस्तपुस्तिका २००४मध्ये प्रसिद्ध झाली.

पुढे सावकारच बदलले. पूर्वी गरीब देशांचे बहुतेक देणे श्रीमंत देशांची सरकारे व जागतिक बँक यांचे असे. आता परकीय चलनातील रोखे घेणारे खासगी गुंतवणूकदार आणि चीनच्या सरकारी बँका यांचा वाटा मोठा झाला. २०२१मध्ये चीनच्या १०० कर्जकरारांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात २०१४नंतरच्या सर्व करारांत गोपनीयतेची कलमे आढळली. माहिती लपवणारी कलमे वाढली, तशी ती शोधून काढण्याची विद्या शिकवण्याची निकडही वाढली.

मोझांबिकचे प्रकरण. प्रशिक्षणवर्गांसाठी याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण. २०१३-१४मध्ये प्रोइंडिकस, एमाटुम व माम या तीन सरकारी कंपन्यांनी क्रेडिट स्विस आणि रशियाची व्हीटीबी या बँकांच्या मार्फत सुमारे २ अब्ज डॉलर उचलले. अर्थमंत्री मानुएल चांग यांनी सरकारची हमी दिली. संसदेची मंजुरी घेतली नव्हती आणि हमीची अर्थसंकल्पी मर्यादाही ओलांडली होती. एमाटुमचे ८५ कोटी डॉलरचे रोखे ट्यूना माशाच्या मासेमारीसाठी म्हणून विकले गेले. फ्रान्समधील शेरबूर येथे मासेमारीच्या २४ बोटी बांधल्या गेल्या. त्यांतील बहुतेक पुढे मापुतो बंदरात नुसत्या उभ्या राहिल्या.

उरलेल्या दोन कर्जांचा गौप्यस्फोट एप्रिल २०१६मध्ये परदेशी आर्थिक वृत्तपत्रांनी केला. नाणेनिधीने कर्जाचे हप्ते थांबवले, देणगीदार देशांनी अर्थसंकल्पाला दिली जाणारी मदत रोखली, स्थानिक चलन कोसळले आणि जानेवारी २०१७मध्ये देशाने रोख्यांचे व्याज थकवले. क्रोल या संस्थेच्या २०१७मधील तपासणीत सुमारे ५० कोटी डॉलरचा हिशेब लागला नाही. मापुतोतील सार्वजनिक सचोटी केंद्राने ‘छुपी कर्जे मी फेडणार नाही’ ही मोहीम चालवली. याच केंद्राच्या व नॉर्वेतील एका संशोधन संस्थेच्या २०२१च्या अभ्यासाने देशाचे एकूण नुकसान किमान ११ अब्ज डॉलर ठरवले. माजी राष्ट्राध्यक्षांच्या मुलासह ११ जणांना डिसेंबर २०२२मध्ये मापुतोतील न्यायालयाने शिक्षा सुनावली. चांग यांना २०२४मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात दोषी ठरवण्यात आले.

या घटनाक्रमातून शिकायचे ते असे : मर्यादा अर्थसंकल्पी कायद्यात छापलेली होती, रोख्यांची विक्री उघड बाजारात झाली होती, बोटींची मागणी परदेशी गोदीत नोंदली गेली होती. सुटे धागे समोर होते. ते एकत्र ओवणाऱ्याची उणीव होती.

अभ्यासक्रम. पहिला भाग संज्ञांचा असतो : मुद्दल, व्याजदर, सवलतीची मुदत, तारण, थकहमी, रोखे, पुनर्रचना. दुसरा भाग कागदपत्रांचा : अर्थसंकल्प, महालेखापरीक्षकांचे अहवाल, जागतिक बँकेची कर्जविषयक आकडेवारी, शेअर बाजारात दाखल झालेली रोख्यांची माहितीपत्रके आणि नाणेनिधी व जागतिक बँक मिळून करतात ते कर्ज-शाश्वततेचे विश्लेषण. गरीब देशांना या विश्लेषणात कर्जसंकटाची जोखीम कमी, मध्यम, जास्त किंवा प्रत्यक्ष संकटग्रस्त अशी श्रेणी मिळते. श्रेणी छापून थांबायचे नाही. ती कोणत्या गृहीतकांवर उभी आहे ते पाहायचे. निर्यात दरवर्षी भरघोस वाढेल असे धरले असेल, तर ‘मध्यम’ हा शब्द फसवा ठरू शकतो.

तिसरा भाग आकडेमोडीचा. एक कल्पित उदाहरण असे : सरकारने १० कोटी डॉलर ६ टक्क्यांनी घेतले. वर्षाचे व्याज ६० लाख डॉलर. डॉलर स्थानिक चलनात १० ला मिळत असेल तर तिजोरीतून ६ कोटी जातील. तोच २० ला गेला तर १२ कोटी. नवे कर्ज एक छदामही नाही, तरी बोजा दुप्पट. कर गोळा होतो देशी चलनात आणि हप्ता जातो डॉलरमध्ये, हे या हिशेबाने वार्ताहराच्या मनात पक्के बसते. कर्जाचे सकल देशांतर्गत उत्पादनाशी (जीडीपी) असलेले प्रमाण सर्वत्र छापले जाते. महसुलातील किती वाटा व्याजात जातो, हा प्रश्न त्याहून उपयोगी आहे.

चौथा भाग करार वाचण्याचा. मोम्बासा-नैरोबी रेल्वेसाठी केनियाने २०१४मध्ये चीनच्या एक्झिम बँकेकडून घेतलेले कर्ज येथे अभ्यासले जाते. नागरिकांच्या याचिकेवर न्यायालयाने मे २०२२मध्ये करार उघड करण्याचा आदेश दिला आणि नव्या सरकारने नोव्हेंबर २०२२मध्ये त्यातील काही कागद जाहीर केले. त्यांत दिसले की एकाच रेल्वेसाठी दोन कर्जे होती. सुमारे १.६ अब्ज डॉलरचे एक कर्ज २ टक्के स्थिर दराने, तर जवळपास तेवढेच दुसरे लंडनच्या आंतरबँक दरावर ३.६ टक्के अधिक, म्हणजे बदलत्या दराने. ‘रेल्वेला स्वस्त चिनी कर्ज’ हा मथळा अर्धाच खरा होता. वाद झाल्यास लवाद बीजिंगमध्ये, हेही त्या कागदांतच लिहिलेले होते.

तयार कथानकांपासून सावधगिरी. श्रीलंकेने १२ एप्रिल २०२२ रोजी परकीय कर्जाची फेड स्थगित केली, तेव्हा जगभर चिनी कर्जातून बांधलेल्या हंबनटोटा बंदराचे नाव गाजले. २०१७मध्ये ते ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने चिनी कंपनीकडे गेले होते. पण भाडेपट्ट्याचे सुमारे १.१२ अब्ज डॉलर परकीय गंगाजळीत जमा झाले. त्या बदल्यात बंदराचे कर्ज माफ झाले नाही. शिवाय देशावर आंतरराष्ट्रीय रोख्यांचा बोजा चिनी कर्जापेक्षा मोठा होता. २००७पासून विकलेल्या या रोख्यांपैकी सुमारे १२.५ अब्ज डॉलरच्या रोख्यांची पुनर्रचना डिसेंबर २०२४मध्ये झाली. एकाच सावकाराकडे बोट दाखवले की करकपात, घटलेले पर्यटन आणि रोखेधारकांचे व्याज नजरेआड होते. प्रत्येक सावकाराला एकच मापदंड लावावा, हा येथला धडा.

भारतीय संदर्भ. १९९१च्या परकीय चलनसंकटात रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने मुंबईहून विमानाने बँक ऑफ इंग्लंडकडे तारण म्हणून धाडले आणि सुमारे ४० कोटी डॉलर मिळवले. ही बातमी पत्रकार शंकर अय्यर यांनी जुलै १९९१मध्ये ‘इंडियन एक्स्प्रेस’मधून फोडली. भारतीय राज्यघटनेच्या २९२व्या अनुच्छेदाने केंद्राला आणि २९३व्या अनुच्छेदाने राज्यांना कर्ज व हमीचे अधिकार दिले आहेत. महाराष्ट्रात सहकारी साखर कारखान्यांना दिलेल्या थकहमीचा विषय मराठी वाचकाच्या ओळखीचा आहे : कारखान्याने हप्ता चुकवला की बोजा राज्याच्या तिजोरीवर येतो. विधिमंडळात सादर होणारा नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा राज्य वित्तविषयक अहवाल हे या वार्तांकनाचे प्रमुख साधन होय.

अडचणी व मर्यादा. कर्जाची बातमी सत्तेच्या वर्मी लागते. मोझांबिकमध्ये राष्ट्राध्यक्षांवर टीका करणारा मजकूर लिहिल्याबद्दल अर्थतज्ज्ञ कार्लुस नुनु काश्तेल-ब्रांकु यांच्यावर, आणि तो छापल्याबद्दल संपादकावर, २०१५मध्ये खटला चालला. दोघे निर्दोष सुटले. वार्ताहराला कायदेशीर मदत नसेल तर नुसते शिक्षण अपुरे पडते. प्रशिक्षणाचा खर्च अनेकदा देणगीदार सरकारे किंवा कर्ज देणाऱ्या संस्थाच उचलतात. अशा वेळी सावकाराच्या चुकांची चिकित्साही अभ्यासक्रमात असावी, असा आग्रह धरला पाहिजे. बहुतेक साहित्य इंग्रजी, फ्रेंच किंवा पोर्तुगीजमध्ये असते. त्यामुळे गावोगाव ऐकल्या जाणाऱ्या देशी भाषांतील रेडिओचे वार्ताहर मागे राहतात. चार दिवसांची कार्यशाळा संपल्यावर संपादकाने वेळ व जागा दिली नाही, तर शिकलेले विरून जाते.

मूल्यमापन. किती पत्रकारांना प्रमाणपत्रे मिळाली, यावरून अशा प्रशिक्षणाचे यश ठरत नाही. हमीपत्रावर सही होण्याआधी वृत्तपत्रांनी प्रश्न विचारला का, संसद सदस्यांनी तो सभागृहात मांडला का आणि सरकारला करार जाहीर करावा लागला का, या तीन कसोट्या खऱ्या. मोझांबिकच्या जनतेला छुप्या कर्जांची खबर लागली ती सह्या होऊन गेल्यावर, दोन-तीन वर्षांनी. तेवढा उशीर टळला असता तर देशाचे कितीतरी नुकसान वाचले असते. हप्ता पुढच्या पिढीलाही भरावा लागतो; त्या पिढीच्या वतीने आज कागद मागणारा वार्ताहर घडवणे, हे या शिक्षणाचे प्रयोजन आहे.