हौसेचे मोल : जुलै १९५२

१९ जुलै १९५२ हा शनिवार. त्या एकाच दिवशी मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर विजय हजारे यांचा भारतीय संघ दोनदा गारद झाला, पहिल्या डावात ५८ आणि दुसऱ्या डावात ८२. त्याच दिवशी सिल्व्हरस्टोनला आल्बेर्तो आस्कारीने मोटारींची ब्रिटिश ग्रां प्री जिंकली. पॅरिसमध्ये फाउस्तो कोप्पी हा इटालियन सायकलपटू टूर द फ्रान्सचा विजेता ठरला. आणि हेलसिंकीत पावसाच्या सरी अंगावर घेत पंधराव्या ऑलिंपिकचे उद्घाटन झाले. चार गावांतला हा एक दिवस. जुने निकाल चाळण्याची आम्हांला जी (फारशी प्रतिष्ठित नसलेली) खोड आहे, तिच्यापायी हा महिना आमच्या हाती लागला आणि मग सुटेना.

आम्ही मराठी शिकवणारी माणसे. खेळांचे जाणकार नव्हे. तेव्हा आमचे कुतूहल एका शब्दावर येऊन अडकले, तर वाचकांनी ते आमच्या पेशाचे दुखणे समजावे. तो शब्द म्हणजे 'हौशी'. 'ॲमॅच्युअर' याला प्रतिशब्द म्हणून मराठीने तो पत्करला आणि त्याच्या विरुद्ध बाजूला उभा केला 'धंदेवाईक'. पुढे त्या दुसऱ्याचा काटा बोचू लागला म्हणून 'व्यावसायिक' आला. पण जुन्या शब्दातला नाक मुरडण्याचा सूर हा काही आपल्या भाषेचा शोध नव्हे. ज्या समाजाकडून आपण क्रिकेट घेतले, त्याच्याकडून तोही घेतला. गंमत अशी की आपल्याकडे हौसेला मोल नाही अशी म्हण आहे, आणि तिचे अर्थ दोन होतात : हौस अमोल असते हा एक, आणि हौसेपायी माणूस किती खर्च करील याला धरबंध नाही हा दुसरा. खेळाच्या इतिहासात पहिला अर्थ भाषणांत आढळतो. दुसरा शोधायचा तर हा महिना बरा.

१९५२ च्या त्याच जुलैत, खेळ सुरू होण्याच्या तीन दिवस आधी, हेलसिंकीत भरलेल्या अधिवेशनात ॲव्हरी ब्रंडेज यांची आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षपदी निवड झाली. बांधकामाच्या व्यवसायात गडगंज झालेला शिकागोचा हा गृहस्थ खेळातल्या पैशाचा कडवा वैरी होता. खेळाडूने खेळातून एक पैही मिळवू नये, हे त्याचे व्रत. ते त्याने पुढची वीस वर्षे, १९७२ पर्यंत, इतरांकडून पाळून घेतले. स्वतःचे पोट भरलेले असले की असे व्रत सोपे जाते, एवढे म्हणून आम्ही पुढे जातो.

तीनच दिवसांनी मैदानात मशाल घेऊन धावत आला तो पाव्हो नुर्मी. वय पंचावन्न. नऊ ऑलिंपिक सुवर्णपदकांचा हा धनी १९३२ साली लॉस एंजलिसला मॅरेथॉन धावण्याच्या तयारीत असताना 'धंदेवाईक' ठरवून बाहेर काढला गेला होता. प्रवासखर्चाच्या नावाखाली जास्त पैसे घेतल्याचा ठपका त्याच्यावर होता. वीस वर्षांनी फिनलंडने त्याच्याच हाती अग्नी दिला. समितीच्या नियमांना यापेक्षा सभ्य उत्तर आम्हांला सुचत नाही.

आता मँचेस्टरकडे वळू. आपल्याकडे त्या सामन्याची आठवण फ्रेड ट्रूमन या नावाशी जखडलेली आहे. ते साहजिकही आहे. सक्तीच्या लष्करी सेवेत हवाईदलात असलेला एकवीस वर्षांचा हा पोरगा रजा काढून खेळत होता आणि पहिल्या डावात त्याने ३१ धावांत ८ बळी घेतले. जूनमध्ये लीड्सला त्याच्यासमोर आपली अवस्था शून्यावर चार अशी झाली होती, ती धास्ती अजून उतरलेली नव्हती. आधीच्या पावसाने उघडी खेळपट्टी भिजलेली. कसोटीत एकाच दिवशी दोनदा सर्वबाद होणारा पहिला संघ म्हणून आपली नोंद झाली. आणि हाच हजारेंचा संघ, जवळपास हीच माणसे, फेब्रुवारीत मद्रासला इंग्लंडला हरवून भारताचा पहिला कसोटी विजय मिळवून बसली होती. अर्थात मद्रासला ट्रूमन नव्हता, हटनही नव्हता.

पण त्या दिवशीचे दोन तपशील निकालपत्रात दिसत नाहीत. एक म्हणजे इंग्लंडचा कर्णधार. शतक ठोकणारा लेन हटन हा विसाव्या शतकातला इंग्लंडचा पहिला व्यावसायिक कर्णधार. त्याच उन्हाळ्यात, भारताविरुद्धच, त्याला हा मान मिळाला. तोवर इंग्लंडचे नेतृत्व 'जंटलमन' मंडळींकडे असायचे. त्यांची आद्याक्षरे धावफलकावर आडनावाच्या आधी छापत, व्यावसायिकांची नंतर. मैदानात उतरण्याची दारेसुद्धा वेगळी. (वर्णव्यवस्था म्हणजे केवळ आपलीच मिरास असे मानणाऱ्यांनी इंग्रजी धावफलक अवश्य वाचावेत.) हा भेद कायद्याने मोडीत निघायला १९६२ उजाडले.

दुसरा तपशील आपल्या बाजूचा. विनू मांकड या दौऱ्यावर मुळात आलेच नव्हते. संघात निवड नक्की होईल का, या प्रश्नाला मंडळाने हमी दिली नाही, तेव्हा त्यांनी लँकशरमधल्या हॅस्लिंग्डन क्लबशी करार करून टाकला : उन्हाळाभर खेळायचे, ठरलेले पैसे घ्यायचे. लीड्सच्या धुळधाणीनंतर त्यांना क्लबकडून मागून घ्यावे लागले. लॉर्ड्सवर ते उतरले, ७२ आणि १८४ धावा काढल्या, एका डावात ७३ षटके टाकून पाच बळी घेतले, आणि तरीही भारत हरला. पोटासाठी क्लबात खेळणारा माणूस देशासाठी उसना आणावा लागतो, ही गोष्ट तेव्हा लाजिरवाणी वाटली असेल. लाज कोणाची, हा प्रश्न वेगळा.

विंबल्डनची कथा थोडक्यात सांगतो. जुलैच्या पहिल्या आठवड्यात फ्रँक सेजमन या ऑस्ट्रेलियनाने एकेरी, दुहेरी आणि मिश्र दुहेरी अशी तिन्ही विजेतेपदे मिळवली. महिलांत सतरा वर्षांची मॉरीन कॉनोली पहिल्यांदा जिंकली. वर्ष संपता संपता सेजमनने व्यावसायिकांच्या तंबूत पाऊल टाकले आणि विंबल्डनचे दार त्याला बंद झाले. ते व्यावसायिकांसाठी उघडले १९६८ साली. अंतिम सामन्यात त्याने ज्याला हरवले त्या यारोस्लाव द्रोब्नीच्या नावापुढे 'इजिप्त' असे छापलेले आढळते. द्रोब्नी जन्माने प्राग शहराचा. कम्युनिस्ट राजवटीतून १९४९ मध्ये निसटला, आणि त्याला नागरिकत्व देणारा देश इजिप्त निघाला.

द्रोब्नीचा देशबांधव एमिल झाटोपेक मात्र मायदेशीच राहिला. त्याच्या आठ दिवसांबद्दल इतके लिहिले गेले आहे की आम्ही नुसते आकडे देतो : २० जुलैला दहा हजार मीटर, २४ ला पाच हजार, २७ ला मॅरेथॉन, तिन्ही सुवर्ण, आणि मॅरेथॉन तर आयुष्यात पहिल्यांदाच धावलेली. २४ तारखेलाच त्याची बायको दाना हिने भालाफेक जिंकली. दोघांचा जन्म एकाच दिवसाचा, १९ सप्टेंबर १९२२. ब्रंडेजच्या नियमात झाटोपेक 'हौशी' बसत होता, कारण त्याला पगार सैन्य देत असे. या हौसेचा मालक म्हणजे राज्यसत्ता. स्टानिस्लाव युंगविर्थ या सहकाऱ्याचे वडील राजकीय कैदी होते. तेवढ्यावरून त्याला हेलसिंकीला नेण्याचे नाकारले गेले, तेव्हा तो नसेल तर मीही जाणार नाही असे सांगून झाटोपेक मागे थांबला. अखेर दोघेही गेले. तीन सुवर्णांमुळे ते प्रकरण तेव्हा निभावले. १९६८ च्या प्राग वसंतानंतर तो पुन्हा चुकीच्या बाजूला उभा राहिला, आणि सैन्यातून व पक्षातून काढला जाऊन अंगमेहनतीच्या कामावर लागला.

आता आपल्या फुटबॉलचे. १५ जुलैला, उद्घाटनाच्याही आधी, युगोस्लाव्हियाने भारताला १०-१ असे हरवले. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले. थंडी, बूट, अनवाणीपणा यांवरून आपण आजवर स्वतःची बरीच चेष्टा करून घेतली आहे. म्हणून पुढची नोंदही वाचावी. पाचच दिवसांनी त्याच युगोस्लाव संघाने सोव्हिएत संघावर ५-१ अशी आघाडी घेतली. सोव्हिएतांनी ती भरून ५-५ अशी बरोबरी केली, पण फेरसामना ३-१ असा गमावला. टिटोच्या माणसांकडून झालेला हा पराभव मॉस्कोला इतका झोंबला की ऑगस्टमध्ये सोव्हिएत सैन्याचा नामांकित संघच बरखास्त करण्यात आला. आपल्या खेळाडूंना परत आल्यावर बूट घालण्याची सक्ती झाली. तुलनेने स्वस्तात सुटलो.

हॉकीत सुवर्ण आले. २४ जुलैला हॉलंडवर ६-१, त्यांतले पाच गोल बलबीरसिंग यांचे. ते पंजाब पोलिसांत नोकरीला होते. आपल्याकडच्या हौसेने शोधलेली वाट ती होती, पोलीस, रेल्वे, कस्टम्स. हॉकीचे सुवर्ण हे त्या काळी गृहीतच धरलेले असे, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही.

आदल्या दिवशी, २३ जुलैला, कराडजवळच्या गोळेश्वर गावच्या खाशाबा जाधव यांनी मुक्त शैलीच्या कुस्तीत, ५७ किलो गटात, कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे यायला १९९६ उजाडले. कॅनडा आणि मेक्सिकोच्या मल्लांना त्यांनी हरवले. ज्या दोघांकडून ते हरले, त्या जपानच्या शोहाची इशीई आणि सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोव यांनाच सुवर्ण आणि रौप्य मिळाले. इशीईचे सुवर्ण हे जपानचे त्या खेळांतले एकमेव. तांबड्या मातीत घडलेल्या माणसाला गादीवर लढायचे होते, ही अडचण होतीच. खाशाबांचे साथीदार केशव माणगावे वरच्या गटात चौथे आले. एका पायरीने पदक हुकले आणि नावही विस्मरणात गेले.

खर्चाचा प्रश्न इथे उघडा पडतो. १९४८ साली लंडनला जाताना खाशाबांच्या पाठीशी कोल्हापूरचे महाराज होते. ज्या गादीने १९१२ मध्ये खासबाग मैदान उभे केले, तिला मल्ल पोसणे नवे नव्हते. पण १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. राजाश्रय संपला आणि लोकराज्याचा आश्रय अजून कागदावरही नीट उतरलेला नव्हता. १९५२ चा खेळाडू नेमका या मधल्या फटीत सापडला. वांद्र्याच्या मेरी डिसूझा, ऑलिंपिकमध्ये धावलेल्या पहिल्या दोन भारतीय महिलांपैकी एक, यांच्या तिकिटासाठीही स्नेह्यांनी नाचाचे आणि पत्त्यांच्या स्पर्धांचे कार्यक्रम करून पैसे जमवले. खाशाबांसाठी गावाने वर्गणी काढली. पण मोठी रक्कम, सात हजार रुपये, उभी केली ती राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी, स्वतःचे राहते घर गहाण टाकून.

या ठिकाणी आम्ही दरवेळी थांबतो. खर्डेकर आमच्याच पेशातले. विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेवर सही करताना आमचा हात थबकत नाही; गहाणखतावर कितीदा उठला असता, याचे उत्तर आम्ही आपापसातही मोठ्याने दिलेले नाही. निकालाच्या ओळीत प्राचार्याचे नाव नसते. कुठल्या देशाच्या निकालात असते?

पुढचे बरेच जण जाणतात. खाशाबा १९५५ मध्ये पोलिसांत उपनिरीक्षक म्हणून लागले आणि दीर्घकाळ त्याच पदावर राहिले. १९८४ मध्ये रस्त्यावरच्या अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मरणोत्तर मिळाला. दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचे नाव २०१० मध्ये दिले गेले. ही दिरंगाई शाळकरी भाषणांतही येते, म्हणून तिचे रडगाणे आम्ही इथे लावत नाही.

त्या परतीच्या दिवसांबद्दल मात्र एक गोष्ट सांगायची आहे. कराड स्टेशनापासून गोळेश्वरपर्यंत शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, ढोलताशे वाजले, आणि ते सगळे पांगल्यावर खाशाबांना खर्डेकरांचे घर आठवले. त्यांनी कुस्त्यांची मैदाने भरवली, स्वतः त्यांत उतरले, कुस्त्या मारल्या, जमलेला पैसा प्राचार्यांच्या हाती दिला आणि घर सोडवले. ब्रंडेजच्या व्याख्येत ही कुस्ती पैशासाठी झाली होती. त्या व्याख्येप्रमाणे पाहिले तर हेलसिंकीचा कांस्यविजेता हौशी मल्ल गावी येऊन, बैलगाड्यांची धूळ खाली बसते न बसते तोच, धंदेवाईक झाला.