अम्लता व अल्कता

अम्लता व अल्कता : जलीय विद्रावातील हायड्रोजन आयनांच्या प्रमाणावरून ठरणारे परस्परविरोधी गुणधर्म. हे आयन हायड्रॉक्सिल आयनांहून अधिक असल्यास विद्राव अम्लधर्मी, उणे असल्यास अल्कधर्मी व समसमान असल्यास उदासीन समजतात. चिंचेचा कोळ, लिंबाचा रस व आंबट ताक हे पहिल्या वर्गातले. चुन्याची निवळी, धुण्याचा सोडा व पापडखार हे दुसऱ्या वर्गातले. चवीवरून पारख करण्याची जुनी रीत स्वयंपाकघरात ठीक असली, तरी प्रयोगशाळेत ती सर्वस्वी निषिद्ध होय.

रंगपालटावरून या गुणांची शहानिशा करण्याची रीत शास्त्रात रूढ होण्याचे बरेचसे श्रेय रॉबर्ट बॉइल यांस दिले जाते. व्हायोलेट फुलांचा पाक अम्लाने तांबडा व अल्काने हिरवा होतो ही गोष्ट त्यांनी १६६४ साली प्रसिद्ध झालेल्या रंगविषयक ग्रंथात नोंदविली. जास्वंदीच्या पाकळ्यांचा अर्कही जवळजवळ असेच रंग दाखवितो. लिटमस हे दगडफुलाच्या वर्गातील शैवाकांपासून काढतात. हळद अम्लात पिवळीच राहते व अल्कात तांबूस होते. म्हणूनच वरण सांडलेल्या धोतरावर साबण फिरताच डाग लाल होतो आणि लिंबू पिळल्यास पुन्हा पिवळा पडतो. तथापि या साक्षीवर डोळे मिटून विसंबू नये. टाकणखाराच्या विद्रावात हायड्रोक्लोरिक अम्ल घालून त्यात भिजविलेला हळदीचा कागद वाळविला, तर अल्काचा लवलेश नसताही तो तांबडा होतो, कारण बोरिक अम्लाचा हळदीतील कर्क्युमिनाशी निराळाच संयोग घडतो. अशा कागदावर अल्काचा थेंब टाकला असता तो हिरवट काळा पडतो व खरा प्रकार उघडकीस येतो.

रंग बाजू सांगतो, तीव्रता सांगत नाही. ती अंकांत मांडण्याची सोय १९०९ साली एस. पी. एल. सोरेन्सेन यांनी कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत केली. हायड्रोजन आयनांच्या संहतीचा ऋण लॉगरिथम म्हणजे पीएच, अथवा सामू. २५° से. तापमानास शुद्ध पाण्याचा सामू ७ असतो आणि त्याखाली एकेक अंक उतरावा तसतशी अम्लता दसपटीने वाढते. उकळत्या शुद्ध पाण्याचा सामू मात्र ६.१ च्या आसपास असून ते पाणी उदासीनच असते. तेव्हा ७ म्हणजे उदासीन, हे सूत्र तापमानाच्या निर्देशावाचून अपुरे होय. लिटमसाचा रंग सुमारे ५ ते ८ या विस्तृत टप्प्यात हळूहळू पालटतो. ताज्या दुधाचा सामू ६.६ च्या सुमारास असल्याने तेथे त्याचा निर्वाळा फारसा उपयोगी पडत नाही. कॅलिफोर्नियातील लिंबाच्या रसात टिकाऊपणासाठी घातलेल्या सल्फर डायऑक्साइडाने तर लिटमसाचा रंगच उडून जाई. या अडचणीतून वाट काढण्यासाठी आर्नल्ड बेकमन यांनी १९३४ साली काचेच्या इलेक्ट्रोडाला प्रवर्धकाची जोड देऊन सामूमापक बनविला.

येथे एक भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे, कारण व्यवहारात सर्वाधिक घोटाळा त्याच जागी होतो. सामू हे तीव्रतेचे माप आहे, साठ्याचे नव्हे. दशांश प्रसामान्य हायड्रोक्लोरिक अम्लाचा सामू १ च्या आसपास, तर तेवढ्याच प्रबलतेच्या ॲसिटिक अम्लाचा २.९ च्या आसपास भरतो. परंतु समान आकारमानाच्या दोहोंस उदासीन करण्यास दाहक सोडा सारखाच खर्ची पडतो. साठा मोजावयाचा तर अनुमापन करावे लागते. दूध तपासताना १० घ. सें. दुधात फिनॉल्फ्थॅलिनाचे काही थेंब टाकून दशांश प्रसामान्य दाहक सोडा ब्युरेटीतून थेंबाथेंबाने सोडतात आणि फिकट गुलाबी छटा टिकली की थांबतात. १.५ घ. सें. सोडा लागला, तर लॅक्टिक अम्लाच्या हिशेबाने अम्लता ०.१३५ टक्के येते. गंमत अशी की ताज्या दुधात लॅक्टिक अम्ल जवळजवळ नसतेच. हा आकडा मुख्यत्वे केसीन व फॉस्फेटे यांच्या खाती जमा करावयाचा असतो, आणि दूध नासू लागल्याची सूचना मिळते ती त्यावरील वाढीतून.

अल्कतेचा ठळक दाखला बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचा. सोडियम कार्बोनेट व बायकार्बोनेट यांमुळे त्याच्या पाण्याचा सामू १० च्या आसपास असतो. काच व साबण यांस लागणारा तेथील माल व त्यापासून मिळणारा महसूल यांचा उल्लेख ‘आइन-इ-अकबरी’त आहे. शेतीत हाच दोष चोपण जमिनीत आढळतो. तेथे सामू ८.५ च्या वर जातो, सोडियममुळे मातीचे कण विखुरतात व पाणी मुरत नाही. परीक्षेसाठी एक भाग वाळवून चाळलेली माती अडीच भाग ऊर्ध्वपातित पाण्यात ढवळून इलेक्ट्रोडाने सामू घेतात. केवळ या आकड्यावरून अशी जमीन सुधारण्यासाठी घालावयाच्या जिप्समाची मात्रा ठरवू नये. त्यासाठी मातीला चिकटलेल्या सोडियमाचे प्रमाण स्वतंत्रपणे काढावे लागते.