साडेबारा हजार किलोमीटर

मंडळाच्या गणेशोत्सवात दरवर्षी कोणीतरी तरुण विचारतोच, "काका, तुमच्या वेळी इथून मुंबईला जायला किती वेळ लागायचा?" त्याचे उत्तर द्यावे म्हणून हा लेखनप्रपंच.

न्यूयॉर्क ते मुंबई हे हवाई अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. मुलांच्या पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून पाहा. तो लंडनवरून न जाता पार उत्तरेला, आइसलँडच्या बाजूने जातो. हे अंतर आहे तेवढेच राहिले. बदलला तो वेळ.

आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला पोहोचल्या. जवळजवळ दोन महिने! पुढे ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हा करीत लंडनला निघाले. मे १९६० मध्ये बोइंग ७०७ जेट विमानांनी ही सेवा न्यूयॉर्कपर्यंत आली. पण वाटेत उतरून इंधन भरावेच लागे. एका दमात एवढा पल्ला गाठणारे प्रवासी विमान तेव्हा नव्हते.

१९८१ च्या जानेवारीत मला सांगलीहून तार आली, 'वडील अत्यवस्थ.' तिकीट मिळण्यात दीड दिवस गेला. मग लंडनचा मुक्काम, मध्यरात्री मुंबई, पुढे एस.टी. घरी पोहोचलो तोवर धाकट्या भावाने अग्नी दिला होता. मला घडले ते अस्थींचे दर्शन.

१ ऑगस्ट २००७ रोजी एअर इंडियाने लांब पल्ल्याच्या बोइंग ७७७ विमानाने मुंबई–न्यूयॉर्क अशी विनाथांबा सेवा सुरू केली. अमेरिकी कंपन्याही याच सुमारास या मार्गावर उतरल्या. पश्चिमेचे वारे पाठीशी असल्याने इथून जाताना पंधराएक तास, परतताना थोडे अधिक. २००९ मध्ये आईची प्रकृती बिघडली, तेव्हा मी दुसऱ्या रात्री तिच्या उशाशी होतो. तिने डोळे उघडले आणि विचारले, "जेवलास का?" पुढचे चार दिवस आम्हाला मिळाले.

हा वेग कायमचा आपला झाला, असेही समजू नये. २०२२ मध्ये रशियाने अमेरिकी विमानांना आपले आकाश बंद केले आणि उत्तरेची ती जवळची वाट त्यांना सोडावी लागली.

म्हणून तरुण मित्रांना एकच सांगतो. पासपोर्ट, ओसीआय कार्ड आणि थोडे रोख पैसे एका पिशवीत कायम तयार ठेवा. माझी पिशवी १९८१ पासून कपाटात आहे. आता तिकडे बोलावणारे कोणी उरले नाही, तरी ती काढून ठेवावीशी वाटत नाही. विमानाचा वेळ विमान ठरवते. घरातून निघायला लागणारा वेळ मात्र आपल्याच हातात असतो.