आधी दुकाने, मग शहर

राजधानी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे आधी किल्ला येतो, पेठ मागाहून. सवाई जयसिंहाने १७२७ मध्ये आमेरचा डोंगर सोडून सपाटीवर जयपूर वसवायला घेतले, तेव्हा बाजारच शहराचा कणा होता. बंगाली विद्याधराच्या साह्याने नऊ चौकड्या आखल्या गेल्या. हमरस्त्यांच्या दोन्ही अंगांना एकसारखी दुकाने, मागे हवेल्या. बाहेरगावच्या सावकारांना, जवाहिऱ्यांना बोलावून वसवले.

जोहरी बाजाराच्या त्या सरळ ओळी पाहताना मला मात्र जानेवारी १७५१ आठवतो. जयसिंहामागे गादीचा तंटा लागला, त्यात शिंदे-होळकर पैशाच्या बोलीवर उतरले. खंडणीच्या तगाद्याने गांजलेल्या ईश्वरीसिंहाने विष घेतले. माधोसिंह गादीवर आला. आता आपलाच माणूस राजा, म्हणून मराठी छावणीतले लोक बिनधास्त शहरात जाऊ लागले. देवळे पाहायची, नवलाचे रस्ते पाहायचे, काहीबाही खरेदी करायची. (लष्कर झाले तरी बाजार कोणाला सुटतो?)

१० जानेवारीला भरदुपारी शहर उठले. वेशी बंद झाल्या आणि दिसेल तो मराठा कापला गेला. तटावरून उड्या टाकणाऱ्यांचे हातपाय मोडले. मेले ते हजारोंनी.

आपल्या इतिहासांत हा दगा म्हणून येतो. तो होताच, पण ज्या दुकानदारांच्या तिजोरीतून खंडणी निघायची, त्यांच्याच फळीसमोर आमची माणसे त्या दिवशी गिऱ्हाईक होऊन उभी होती.